आठ आणि आठ चार

ॲम्प आधी आला. तीनशे वॅटचा, जुना,
पुण्यातल्या एका मोडलेल्या बँडनं विकलेला.
मागे पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं
चार ओहमच्या खाली जाऊ नये,
चपला बाहेर काढाव्यात, अशा सुरात.

डोकं होतं, छाती नव्हती.
महिनाभर तो टीव्हीशेजारी गप्प बसून राहिला,
आणि अम्मा त्याच्यावर
धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचत गेली.

सात रस्त्याजवळ मल्लिनाथ याळगीचं दुकान.
मिरवणुकीहून परतलेले अठराचे डबे दारातच,
कोन फाटलेले, शिवणीत अजून गुलाल.
"बास म्हणतोस ना बे? पंधरा घे.
पोटात गेलं पाहिजे."

मला पोट नको होतं, मल्लिनाथ,
मला बोट ऐकू यायला हवं होतं.
तार सोडतानाचं,
एका पट्टीवरून दुसरीवर घसरतानाचं,
चुकलं तर चुकलेलंसुद्धा.

रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला.
आठ ओहमचं एक, आठ ओहमचं दुसरं,
समांतर जोडली की चार.
नान्ना वाकून बघत होते.
पस्तीस वर्षं माग चालवला त्यांनी,
कान तिकडेच राहिले, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
आता आमचं बोलणं पेन्सिलीनं.
"आठ नि आठ चार?" ते हसले.
"फी वाया गेली की रे."

मी खाली लिहिलं: एका मोटरीवर दोन माग.

हसू थांबलं.
"हां. मोटर जड होते."
मग बोट वर करून,
"तिसरा लावू नको. जळते."

दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात घेऊन गेलो.
मल्लिनाथला वाटलं, पैसे देणारे आले,
खुर्ची पुसली, चहा सांगितला.
नान्ना खुर्चीत बसलेच नाहीत.
पंधराच्या डब्यावर तळहात टेकून उभे राहिले,
कापडाचा पोत बघतात तसे.
मी खालची तार मोकळी छेडली.
फळीवरचे पेले थरथरले,
बाहेर एक कुत्रं उठून चालू लागलं.
ते माझ्या बोटाकडे बघत होते, मग स्वतःच्या हाताकडे.
"मोठा आहे. पण उशिरा येतो.
धोटा पोचला, फणी मागून."

मल्लिनाथ माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.
मी नाही मिचकावले.

मग दोन दहांचे दोन डबे, एकावर एक.
एकाची जाळी गायब, कोपऱ्याला उंदराचे दात.
नान्नांनी या वेळी दोन्ही हात लावले.
"हा वेळेवर आहे," म्हणाले, आणि थोडं थांबून,
"पण पातळ."

खरंच पातळ होता. मलाही ऐकू येत होतं,
फक्त कबूल करायचं नव्हतं.

त्यांनी गुडघा लावला,
डबे ढकलत ढकलत भिंतीच्या कोपऱ्यात नेले,
मल्लिनाथ फरशी, फरशी म्हणत मागे.
"आता वाजव."
आवाजाला अंग आलं.
"आपला पहिला माग कोपऱ्यात होता," नान्ना म्हणाले,
"तू पाळण्यात. सगळं घर हलायचं,
तू झोपायचास."

सतरा हजारांत दोन, जाळीचे पाचशे कमी.
रिक्षात मी, नान्ना आणि डबे,
सेकंडच्या चादरीत गुंडाळलेले;
चादरीवरचा मोर उलटा विणला गेला होता, म्हणून घरातच राहिलेली.

संध्याकाळी लावलं.
गल्लीच्या टोकाला कोंड्यालांचे माग चालू,
त्यांची लय थोडी पळते, मी तिच्या मागे राहून वाजवत गेलो.
अम्मानं सवयीनं
वरच्या डब्यावर टॉवेलची चळत ठेवली.
नान्ना समोर ताट घेऊन,
भाकरी हातात तशीच,
बघत होते टॉवेलांकडे.
प्रत्येक सुराला ते कडेकडे सरकायचे,
सुताएवढे.

तिसऱ्या गाण्यात वरचा पडला.
त्यांनी उचलला, झटकला, घडी घातली,
परत वर ठेवला
आणि माझ्याकडे बघून बोट फिरवलं:
पुन्हा.